धक्क्यावरून दिलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कॉलेजात पुरातत्त्व शिकवते मी. जमिनीतून निघेल तेवढंच खरं मानायचं. म्हणूनच हे लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय...

नाशिकहून पेठकडे जाताना एक धरण लागतं. नाव मुद्दाम देत नाही. मे महिन्यात पाणी ओसरलं की बुडालेल्या गावाचा नावेचा धक्का उघडा पडतो — दगडी पायऱ्या, नावा बांधायचे भोक पाडलेले दगड. इथे नावाड्यांची वस्ती होती, ती धरणात गेली. त्यांच्यातलेच सखारामबाबा, वय ऐंशीच्या पुढे, माझ्यासोबत जीपमधून धक्का दाखवायला आले होते.

"बाबा, पलीकडची नाव कशी बोलवायचे? व्हिडिओसाठी एकदा हाक द्या ना."

"नाय ताई. जायचं नसंल तं हाक देत नाय. आन् दिली, तं नाव येईस्तोवर धक्का सोडायचा नाय."

मला मात्र व्हिडिओ हवाच होता. मोबाइल सुरू करून मीच ओरडले — "नाव आणाऽ होऽ!"

भर दुपारचे दोन. समोर नुसतं पाणी, चिटपाखरूही नाही. आणि पलीकडून स्पष्ट उत्तर आलं... "आलोऽ!"

असेल कोणी गुराखी, मी म्हटलं. बाबा काठी बाजूला ठेवून पायरीवर बसले. मला चारला मीटिंग होती. "उठा बाबा," दोनदा म्हटलं, ते हलेनात. शेवटी त्या म्हाताऱ्या माणसाला उन्हात एकटं सोडून मी निघाले — हो, निघाले! फाट्यावर एसटीसाठी उतरले आणि जीपच्या ड्रायव्हरला त्यांना आणायला परत पाठवलं.

अर्ध्या तासात त्याचा फोन. पायरीवर नुसती काठी होती.

मी त्याला आजूबाजूला शोधायला सांगितलं. तेवढ्यात बाबांच्या भाचीचा फोन आला, मी त्यांना दिलेल्या कार्डावरचा नंबर बघून. बाबा पलीकडच्या काठावर, तिच्या घरी, चहा पीत बसले होते. धोतर कोरडं. त्या धरणात आज एकही नाव नाही, आणि रस्त्याने वळसा घालून जायला जीपलाही दीड तास लागतो.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. व्हिडिओ मोबाइलमध्ये आहे. लावून बघायचं धाडस झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला चटई टाकली आणि हळूच म्हणाले,

"लय येळ थांबले व्हते ते नाववाले, ताई. मी म्हनलं, चला आता. तं म्हनले, हाक बाईची व्हती... येऊ दे तिला."