नववं फडकं

“सावकाश खा, भाऊ. इंजिन कुठं पळत नाही,” असं आमचा तपासनीस मला म्हणायचा आणि स्वतः उभ्यानं चार घास ढकलायचा. त्या दुपारीही तसंच. शेडच्या सावलीत आम्ही खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि त्याच्या रत्नागिरीच्या घरची जवळ्याची चटणी खाल्ली. आमचं एकत्र जेवण ते शेवटचं.

उरलेला खुबूस मी कामाच्या फडक्यात बांधून पिशवीत टाकला. घोळ तिथंच झाला. बायको भाकरी कधी डब्यात देत नसे, फडक्यात बांधायची. ती जाऊन चार महिने झाले होते. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात जुन्या सवयीनं चालत.

आमचं काम असं. प्रवासी विमानाचं मोठं इंजिन दुरुस्त झालं की जाड भिंतींच्या खोलीत टांगून पूर्ण जोरात चालवून बघायचं. आत चिंधी जरी राहिली तरी घात. म्हणून आधी पाने, स्क्रू, फडकी, सगळं मोजायचं. मी हेल्पर, तो तपासनीस. त्याच्या सहीशिवाय इंजिन सुरू होत नसे.

तुम्ही कडक माणसं पाहिली असतील. हा कडक नव्हता, चिवट होता. मोजताना ओठ हलायचे. म्हणायचा, “तुझी आई बसणार आहे या विमानात, असं धर.”

एकदा एक फिटर म्हणाला, “आणि सासू बसणार असेल तर?”

“मग तीनदा मोज. संशय तुझ्यावरच येईल.”

त्या दिवशी नऊ फडकी दिली होती. परत आठ आली.

आमचा साहेब कंट्रोल रूमच्या काचेमागून बाहेर आला. “एक कपड़े के लिए? जहाज़ खड़ा है.”

“अंदर निकला तो, साहेब?” तपासनीस म्हणाला.

टॉर्च घेऊन तो इंजिनाच्या तोंडात शिरला. दीड तास त्याचे नुसते बूट दिसत होते. मी खाली शिडी धरून उभा, आणि मला पिशवी आठवली. सांगितलं तर नोकरी जाणार, इकामा, या देशात राहायचा परवाना, तोही जाणार. साठी उलटलेल्याला दुसरं कोण ठेवतं? जीभ उचलली नाही. खोटं कशाला बोलू, मीच उचलली नाही.

तो घामानं निथळत बाहेर आला. “भाऊ, तू पाहिलंस कुठं?”

“नाही.”

त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

साहेब म्हणाला, “साइन करो, नहीं तो पास रखो और घर जाओ.”

त्यानं गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. जाताना मला म्हणाला, “तोंडावर पाणी मार, भाऊ. चेहरा उतरलाय.”

फरवानियाच्या कामगार वस्तीत तो माझ्या खोलीपासून तीन गल्ल्यांवर राहायचा. संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत आलो.

सकाळी पहिली बस धरली. त्याच्या जागेवर दुसरा तपासनीस बसला होता, सहीचा कागद समोर घेऊन. मी फडकं साहेबाच्या टेबलावर ठेवलं.

“मेरे पास था. कल ही याद आया था. बोला नहीं.”

साहेबाचा चेहरा खुलला. “मिल गया ना? बस. जाओ, काम करो.”

मी हललो नाही. म्हटलं, “लिखो. वो सही था, ऐसा लिखो. नीचे मेरा नाम डालो.”

“तुम ही लिखो,” साहेब वैतागून म्हणाला आणि कोरा कागद माझ्याकडं सरकवला.

माझी शाळा चौथीपर्यंत. मराठीच लिहिता येतं. खुर्ची ओढली आणि लिहायला बसलो.