फक्कीनं आखलेली खोली

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं माझ्या वन्संचं कौतुक येणार आहे, आणि त्याच वन्संना मी भर अंगणात काय काय बोलले तेही येणार आहे. दोन्ही खरं आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासरी त्यांचं जमलं नाही. तरुणपणीच तिथून निघाल्या, इकडंतिकडं कामं केली, आणि शेवटी महाडात मोटारी दुरुस्त करायच्या एका दुकानात लागल्या. मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत. पाण्याचे पंप, गिरणीची मोटर, पंखे, मिक्सर. आतली जळालेली तार काढायची आणि वेढे मोजून नवी तांब्याची तार भरायची. हे काम त्यांनी चौदा वर्षं केलं. मग मालकानं वय झालं म्हणून दुकान आवरलं, आणि वन्सं एक पत्र्याची पेटी न् दोन पिशव्या घेऊन कापड्याच्या पुढं आमच्या गावी, आपल्या माहेरी आल्या.

आल्या त्याच दिवशी जेवताना म्हणाल्या, "घराशेजारी खोली बांधायची हाय मला. काम हितंच करणार."

मी भात वाढत होते. मनात म्हटलं, झालं कल्याण! खरं सांगते, मला भीती वाटली. खोली चालली नाही तर यांची सगळी पुंजी मातीत जाणार, आणि मग या बाई जन्मभर माझ्या हातचं खाणार. रोज मी वाढणार, रोज त्या "पुरे गो" म्हणणार. त्यांना ते नको होतं, मलाही नको होतं. दोघींनाही ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेची एक वही काढली. पहिल्या पानावर वर लिहिलं, 'एक लाख साठ हजार'. आयुष्यभराची शिल्लक तेवढीच. खाली दोन रकाने केले. एकाला नाव दिलं 'लागेलच', दुसऱ्याला 'असलं तर बरं'. आमचे हे म्हणाले, "ताय, कमी पडलं तर मी हाय ना." तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "जागा बापाची हाय, त्यात माझा बी वाटा हाय. पण तुझ्या पैशाची भिंत उभी राहिली तर खोली तुझी होईल रे." मला आतून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

हत्यारांच्या बाबतीत तर कमालच. पेटीत होती तेवढीच हत्यारं. नवीन काही घ्यायचं तर एक नियम. एखाद्या हत्यारावाचून काम अडलं की घराच्या दाराच्या मागं कोळशानं एक रेघ. तीन रेघा झाल्या तरच ते विकत आणायचं, तोवर मागून आणून भागवायचं. बेअरिंग ओढून काढायच्या पुलरच्या तीन रेघा पंधरा दिवसांत झाल्या, तो आला. ग्राइंडरची एकच रेघ झाली, तो वहीतून कटाप. मी बाजारात गेले की 'असू दे घरात' म्हणून दोन डबे जास्तीचे आणणारी बाई. मी ती दाराची फळी बघत राहायची.

मग आली फक्की. पाया खणायच्या आधी गवंडी आखणीसाठी जी पांढरी भुकटी टाकतात ती. भात झोडून अंगण मोकळं झालं होतं. वन्संनी अंगणाच्या पार टोकाला, फणसाच्याही पलीकडं, फक्कीनं दहा बाय चौदाची खोली आखली. दाराएवढी जागा मोकळी सोडली. आत बाकड्याचा चौकोन, कपाटाचा चौकोन, आणि एक गोल. भरलेल्या तारेला वार्निश लावून ती पिंपात दिव्याच्या उबेत सुकवावी लागते, तो गोल त्या पिंपाचा. मला वाटलं, आखणी झाली, आता गवंड्याला बोलावतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी बाई डोक्यावर ताडपत्री बांधून गावातले बिघडलेले पंखे घेऊन त्या रेघांच्या आत कामाला बसल्या.

मी चहा घेऊन गेले, सरळ रेघ ओलांडून.

"गो, भिंतीतनं आलीस."

"कुठली भिंत?"

"ही काय. जा, दारातनं ये."

आणि मी गेले! हातात कप घेऊन खोलीला वळसा घातला आणि नसलेल्या दारातून आत आले. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. मला लाजही वाटली आणि हसूही आवरेना. आठ दिवसांत मात्र आमच्या घरातलं कुणी ती रेघ ओलांडेनासं झालं. आमचे हे तर दारात वाकायचे, चौकट डोक्याला लागेल म्हणून.

पण त्या आठ दिवसांत काय काय निघालं! दार आत उघडलं असतं तर कपाटावर आपटलं असतं. पिंप उजवीकडं असतं तर येता-जाता पदर लागला असता. बाकड्यापासून पिंपापर्यंत सात पावलं पडत होती, ती तीनवर आली. रोज संध्याकाळी खराट्यानं रेघा पुसायच्या, सकाळी नव्या मारायच्या. लोक आधी बांधतात आणि मग कपाळाला हात लावून बसतात. या बाईनं सगळ्या चुका दोन पोती फक्कीत उरकून घेतल्या. मी मनात म्हटलं, हिला जर कुणी शाळेत पुढं शिकवलं असतं तर हिनं धरणं बांधली असती.

मग गवंडी आला. टेपनं मापं घेतली, टोकाला उतार होता तो बघितला आणि आकडा सांगितला. दोन लाख दहा हजार.

वन्संनी वही उघडली. रोलिंग शटर गेलं, साधं लाकडी दार आलं. फरशी गेली, कोबा आला. नवं बाकडं गेलं, माळ्यावरची जुनी फळी आली. मग फक्की घेऊन उठल्या आणि खोली चौदाची अकरा फूट केली. तरी बावीस हजार कमी पडतच होते. जोत्याची उंची कमी करा म्हटलं तर ऐकेनात. आमच्याकडच्या पावसात जमिनीची ओल वर चढते, आणि ओल लागली की वाइंडिंग खलास.

गवंडी म्हणाला, "ताय, एवढी झिगझिग कशाला? घराला टेकवा की खोली. स्वयंपाकघराची भिंत तयार हाय. तीन भिंतीत काम होईल, आणि हितं उतार बी नाय."

"नको," वन्सं म्हणाल्या.

आमच्या यांनीही समजावलं. नको म्हणजे नको. कारण विचारलं तर बोलायचं नाही. चार दिवस हेच. वहीत बेरीज करायची, बावीस हजार यायचे, वही मिटायची. पाचव्या दिवशी मला कळलं, त्या महाडात जाऊन पेटीतली हत्यारं विकायची चौकशी करून आल्या होत्या. हत्यारं विकून हत्यारांची खोली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, आमच्यापासून लांब राहायचं म्हणून हा हट्ट. भर अंगणात मी सुरू झाले.

"आमच्या भिंतीला काय खरूज झालीय काय, वन्सं? आमचा वारा नको तुम्हाला? मग माहेरी आलात कशाला? मी चुलीपाशी असते म्हणून तुमची खोली विटाळते काय?"

गवंडी चुना बघायच्या निमित्तानं सटकला. वन्सं फक्कीच्या खोलीत, पाटावर बसल्या होत्या. त्यांनी हातातली तार खाली ठेवली.

"त्या भिंतीत तुझी खिडकी हाय गो," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. स्वयंपाकघराला एकच खिडकी. तिच्यातून खालचा रस्ता दिसतो आणि कुडपणच्या बाजूचा डोंगर. मी भाकरी थापताना तिकडं बघते. बघते हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

"खोली टेकवली तर खिडकी बुजंल. तू उठल्यापासून तिथंच उभी असतेस." मग म्हणाल्या, "महाडात माझं बाकडं भिंतीला लागून होतं. चौदा वर्षं तोंडासमोर भिंत. पाऊस पडतोय काय, ते गिऱ्हाइकाच्या छत्रीवरून कळायचं. ते तुझ्या वाट्याला मी आणायचं?"

मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले, उभ्या उभ्या. ही बाई पै पै वाचवत होती, एका ग्राइंडरसाठी रेघा मोजत होती, आणि सगळ्यात महाग भिंत माझ्या खिडकीसाठी उभी करणार होती. आणि मी तिला भर अंगणात खरूज न् विटाळ ऐकवला होता.

मग मी डोळे पुसले आणि फक्कीचं घमेलं उचललं. सरळ घराच्या भिंतीपाशी गेले आणि तिथून रेघ मारायला सुरुवात केली. वाकडीतिकडी, पण मारली.

"काय करतेस गो? ठेव ते."

"घर माझं बी हाय. माझी भिंत, मी देणार. डोंगर काय, दाराबाहेर पाऊल टाकलं की दिसतो. धुराला वर झरोका ठेवू. पण माझी एक अट हाय. चौथ्या भिंतीचे पैसे वाचतील त्यातनं एक मोठी खिडकी करायची, आणि तुमचं बाकडं त्या खिडकीसमोर लावायचं."

"खिडकी मी वहीत धरलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

"तर धरा."

त्यांनी वही उघडली. 'असलं तर बरं' या रकान्यात खिडकी लिहायला लागल्या. मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ती 'लागेलच' मध्ये लिहिली. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

पावसाच्या आधी खोली उभी राहिली, एक लाख अठ्ठावन्न हजारात. नव्या खोलीत पहिल्यांदा वरंधच्या एका गिरणीची मोटर आली, मग मिक्सर, मग पंपांची रीघ. दोन महिन्यांनी घरातला गॅसचा सिलिंडर वन्संनी भरला. मी भांडले, हरले. आता जेवायला मी वाढते तेव्हा त्या "अजून घाल" म्हणतात.

आता दुपारी मी निवडायचे तांदूळ घेऊन त्यांच्या खोलीत जाते. त्या वेढे मोजत असतात, ओठ हलत असतात, त्यामुळं बोलायचं नसतं. मी सूप मांडीवर घेऊन बसले की त्या मोजणं न थांबवता आपलं स्टूल जरा बाजूला ओढतात, मला खिडकीतून बाहेरचं दिसावं म्हणून.