नानांच्या गाडीत खोबरेल

माझी नणंद वसू मुळीच गृहकृत्यदक्ष नव्हती.

काल सकाळी ती गेली आणि दुपारपर्यंत फॅमिली ग्रुपवर कुणीतरी ती तशी होती असं लिहूनही मोकळं झालं. ‘सालस, मितभाषी, गृहकृत्यदक्ष.’ खाली जोडलेल्या हातांची रांग.

लिहिणाऱ्याने तिच्या हातचं वरण खाल्लेलं नाही. आणि मितभाषी? डेंटिस्टकडे तोंड उघडं असतानाही ती बोलायची.

मग ती काय होती, ते मी सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही वाशीत नवे. रस्ते रुंद, माणसं कमी आणि बिल्डिंगखाली माझ्या सासऱ्यांची, नानांची, जुनी इंग्लिश टू-सीटर स्पोर्ट्स कार. जवळजवळ माझ्याच वयाची.

तिचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर गेले होते. एक खड्डा लागला की रस्त्यावरचे पुढचे दोन खांब जाईपर्यंत गाडी मागून उड्या मारायची. नानांची कंबर धरली.

त्यांनी जाहीर केलं, “रविवारी उरणला, मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी आणायला जाऊ. कंबर दुखली, तर सोमवारी गाडी कळंबोलीच्या भंगारवाल्याला.”

वसूचा चेहरा पडला. ती तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होती. दिवसभर साहेबाची बोलणी खायची. संध्याकाळी त्या स्टिअरिंगमागे बसली की माणसात यायची.

“वहिनी, शनिवारी रिकामी राहा.”

“कशाला?”

“शॉक ॲब्सॉर्बर उघडायचेत.”

त्या गाडीला हल्लीसारखी नळकांडी नव्हती. मागच्या प्रत्येक चाकापाशी धातूची जाड डबी, तिला एक दांडा आणि आत तेल. सील झिजून तेल गळून गेलेलं. नवं सील कुठेच मिळेना.

वसूने आमच्या आणि शेजारच्या स्टोव्हच्या पंपातले चामडी वॉशर काढले, कापून बसवले.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, मग चहा कशावर करू?”

“आज सरबत पी, आई,” वसू म्हणाली.

राहिलं तेल. तिने माझ्या माहेरून आलेला खोबरेलाचा डबा उचलला. मला न विचारता.

“वसू, ते केसांचं आहे.”

“वहिनी, केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास मला आहे, तुला नाही.”

दुपारच्या उन्हात आम्ही दोघी मागच्या बंपरवर दणकून बसलो आणि उठलो. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. वसू पदर खोचून पार्किंगमध्ये नाचली.

महिना जानेवारीचा होता.

रविवारी सकाळी चांगलाच गारठा. मी सहज बंपरवर बसले. गाडी हललीच नाही. बैलगाडी बरी.

“थिजलं तुझं तेल,” मी म्हटलं. “हे कळायला फर्स्ट क्लास लागत नाही. बाथरूममधली बाटली बघायची.”

“नंतर बोल. नानांची शेकायची पिशवी कुठाय?”

नानांची एक, शेजारच्या काकूंची एक. हीटरच्या कढत पाण्याने भरून दोन्ही डब्यांना बांधल्या, माझ्या परकराच्या नाड्यांनी. नाना खाली आले तेव्हा मी मागच्या चाकासमोर साडी पसरून उभी.

“माझी शेकायची पिशवी दिसत नाही.”

“वाळत घातलीय, नाना,” वसू म्हणाली.

ते सीटवर बसेपर्यंत मी पिशव्या ओढून काढल्या.

वसू गाडी चालवत होती, नाना बाजूला. मी आणि हे स्कूटरवरून मागे. उरणच्या रस्त्यावर ट्रकांनी केलेला पहिला मोठा खड्डा आला. मी डोळे मिटणार होते. मिटले नाहीत.

गाडीची मागची बाजू खाली गेली, वर आली आणि गप्प.

मी यांच्या पाठीत गुद्दा घातला.

“मी काय केलं?” हे म्हणाले.

मोऱ्याला नाना उतरले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. वसूने स्टिअरिंग सोडलं नाही.

“गाडीला खोबऱ्याचा वास का येतोय?”

“मासळीचा असेल, नाना.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी होडीकडे.

“भंगारवाल्याला नको म्हणून सांग,” ते म्हणाले. “आणि आता गाडी तूच सांभाळ. मला बोंबील बघू दे.”

परतताना ती इतकी जोरात गेली की आमची स्कूटर दिसेनाशी झाली. डब्यांत योग्य तेल तिने नंतर भरलं. पण दुसऱ्या दिवशी, खोबरेलावरच, गाडी घेऊन ती कारखान्यात गेली आणि साहेबाच्या गाडीच्या जागेवर लावून आली.

ग्रुपवाल्यांनी हे लिहावं.

जा वसू. सावकाश जा म्हणत नाही, ते तुला कधी जमलं नाही.

तुला मनापासून निरोप.

तुझी वहिनी