चौसष्टाचा पंचनामा

माझे वडील वजनमापे निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले आणि निवृत्त होऊन माणिकपूरच्या आमच्या दोन खोल्यांत बसले, तेव्हा तपासायला काही उरलंच नव्हतं. दूधवाला आधीच धाकात होता. खालचा किराणावाला बाबा दिसले की आपोआप चिमूटभर साखर जास्त टाकायचा. अशा रिकाम्या दिवसांत माझ्या कॉलेजसाठी म्हणून घरी कॉम्प्युटर आला, आणि केबलवाल्याने टीव्हीच्या वायरीशेजारून इंटरनेटची वायर खिडकीतून आत ढकलली. त्याच्या पत्रकावर लिहिलं होतं : वेग ६४ केबीपीएस.

बाबांना इंटरनेटमध्ये काडीचा रस नव्हता. त्यांना चौसष्टमध्ये रस होता. "चौसष्ट म्हणतोय, पण येतंय किती?" त्यांनी विचारलं. मी एक फोटो डाउनलोड करून दाखवला. पडद्यावर आकडा आला : सेकंदाला ७.४ केबी. निवृत्तीनंतर बाबांचा चेहरा एवढा उजळलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"दूधवाला दुधात पाणी घालतो," ते म्हणाले. "हा पाण्यात दूध घालतोय."

तपासणीला प्रमाण वजन लागतं. आम्ही त्यासाठी एका गुलाबाचा फोटो ठरवला, चारशे ऐंशी केबीचा. बाबांच्या हिशेबाने तो साडेसात सेकंदांत यायला हवा होता. तो यायचा एक मिनिट पाच सेकंदांनी. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा वाजता मी गुलाब मागवायचा आणि बाबांनी घड्याळ धरायचं. तराजूला वारा लागता कामा नये म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद, खिडक्या बंद. आईने मिक्सर लावायचा नाही. सीपीयूवर पाणसळ ठेवून पाहिली तर तो डावीकडे कललेला निघाला, म्हणून त्याच्याखाली वर्तमानपत्राची घडी आली.

"बाबा, डबा वाकडा असला तरी इंटरनेट तेवढंच येतं."

"प्रत्येक व्यापारी हेच म्हणतो," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, ह्यांनी गुलाब धरला." तोवर माझ्या कॉम्प्युटरवर एकाच गुलाबाच्या त्रेचाळीस प्रती जमल्या होत्या आणि अभ्यासाची फाइल त्यांच्यात शोधावी लागत होती.

मग एका रविवारी पंचनामा झाला. पंच दोन हवेत. एक किराणावाला, त्याने बाबांसमोर कोऱ्या कागदावरही सही केली असती. दुसरी आमच्या दारावर मासळी आणणारी अर्नाळ्याची कोळीण. तिचं आणि बाबांचं दहा वर्षांचं भांडण होतं, कारण ती वजनावर विकत नसे, वाट्यावर विके. "सायेब, बोंबलाला कसलं वजन? डोल्यानं बगा नि घ्या." पण पंच म्हणून बाबांचा तिच्यावरच विश्वास होता. पाटी दाराबाहेर ठेवून ती पडद्यासमोर बसली आणि गुलाब पाकळी-पाकळीने भरताना बघत राहिली.

"या फुलाला इतका टाइम? तवर आमची होडी किनाऱ्याला लागंल."

हेही बाबांनी लिहून घेतलं.

केबलवाला दारात उभा होता, सडपातळ, मागच्या खिशात पक्कड. बाबांनी वाचून दाखवलं : ग्राहकास चौसष्ट सांगून साडेसाताहून कमी पुरविले जाते. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"काका, पुढून लाइनला काही प्रॉब्लेम असेल तर..."

"मान्य आहे की नाही?"

त्याने सही केली. कोळणीने अंगठा उठवला. पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा कागद ठेवून चोवीस घरांतली त्याची वायर काढून टाकायची, असं बाबांनी ठरवलं. एवढी मोठी बिल्डिंग त्याच्याकडे दुसरी नव्हती.

गुरुवारी कॉलेजात जुनी प्रश्नपत्रिका चाळताना माझं बोट एका प्रश्नावर थांबलं. आठ बिट म्हणजे एक बाइट. हे उत्तर लिहून मी मार्कही मिळवले होते! पत्रकावरचा इंग्रजी बी होता धाकटा, म्हणजे बिट; पडद्यावरचा थोरला, म्हणजे बाइट. आठ धाकटे मिळून एक थोरला. चौसष्ट भागिले आठ, आठ. बिचारा माणूस जवळजवळ पुरतं माप घालत होता.

तीस वर्षांत आपली एकही केस परत आली नाही, हे बाबा लग्नाच्या पंगतीतही सांगत. त्या एका वाक्यावर ते ताठ उभे होते. मी दोन दिवस गप्प बसले. केबलवाल्याला दुसऱ्या बिल्डिंगा मिळतील, असंसुद्धा मनात आणलं. त्याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी मी कागदावर दोन बी काढून बाबांसमोर ठेवले. त्यांनी पेन्सिल घेतली. चारशे ऐंशी गुणिले आठ, भागिले चौसष्ट.

"साठ सेकंद," ते म्हणाले. "आपल्याला पासष्ट लागतात." त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "एवढी सूट तर कायद्यातही असते."

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते मीटिंगला गेले. दोन्ही पंचांना पुन्हा बोलावलं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी नवा पंचनामा वाचला : माप बरोबर आहे, चूक मापणाऱ्याची आहे. किराणावाल्याने न वाचता सही केली. कोळणीने अंगठा हवेतच धरला.

"सायेब, मंग आता चोर कोन?"

"मी."

"बरं," ती म्हणाली आणि अंगठा दाबला.

लोक पोट धरून हसले. चहा आला. केबलवाला तेवढा हसत नव्हता. बाबा त्याच्यापाशी गेले. "अरे, तुझं माप बरोबर होतं. मग त्या दिवशी मान्य का केलंस?"

"काका, तुम्ही एवढं मोजून, लिहून आणलेलं," तो म्हणाला. "मला वाटलं, असेल आपलंच काहीतरी चुकलेलं."

घरी आल्यावर बाबांनी शर्ट बदलला नाही. पंख्याखाली बसून राहिले. मी पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं.

"माझ्या केसमधले लोक जागच्या जागी सह्या करायचे," ते म्हणाले. "मला वाटायचं, काम चोख आहे म्हणून करतात."

"पण बाबा, त्यांचे तराजू खोटेच होते ना?"

"बरेचसे होते," बाबा म्हणाले.