रेगंटबाईंचा खालचा सूर

कोणी गेलं की रेगंटबाई आधी रडायच्या नाहीत, पेन्सिल घेऊन बसायच्या. लीड्समधल्या त्यांच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांना सूर देणारी, हाताच्या खुणांनी चालवणारी जी असते, ती रेगंट. त्यांचं खरं नाव उच्चारायला अवघड, म्हणून शेजारधर्माने मी आपलं ‘बाई’ जोडून टाकलं. माणूस गेला की गाण्याच्या कागदावरची त्याच्या आवाजाची ओळ खोडायची आणि अंत्यविधीचं तेच गाणं उरलेल्यांत बसवायचं. चार आवाजांचं तीन झालं, तिनाचं दोन.

दुसऱ्या महायुद्धात परागंदा होऊन बेलारूसहून आलेली ही मोजकी कुटुंबं. सगळी हयात लोकरीच्या गिरणीत गेली. कोणी रशियन म्हटलं की बाई शांतपणे सांगायच्या, “ते शेजारचे. आम्ही बेलारूसचे.”

ऐंशीचं दशक सरता सरता त्यांचा खर्जातला शेवटचा गायक गेला. मला कोण कळवळा! पुण्याहून आणलेली पेटी घेऊन मी चर्चमध्ये हजर. बाईंनी भात्यावर हात ठेवला. त्यांच्या चर्चला वाद्य चालत नाही, फक्त माणसाचा गळा चालतो. मी ओशाळले. तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, पेटीतला सूर तुमच्या गळ्यात नाही का?”

झालं, मी अडकले! लहानपणी गाणं शिकले होते, त्यामुळे एक सूर धरून ठेवणं जमायचं. बाई चाल म्हणायच्या, मी खाली तो सूर धरायची. ही हिंदू बाई इथे काय करतेय, असं फादरना वाटलंच असणार. पण ते मँचेस्टरहून महिन्यातून एकदा यायचे, त्यांनी काणाडोळा केला. मी श्वास चोरला की बाईंची भुवई चढायची. हॉस्पिटलमध्ये मला कोणी इतकं धारेवर धरलं नव्हतं.

पाच-सहा वर्षांनी बाई आमच्याच वॉर्डात ॲडमिट झाल्या. बऱ्या होणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं. मरणाची भीती त्यांना नव्हती. आपल्याला गाण्यावाचून पुरतील, ही होती. मी म्हटलं, अहो बाई, मला नुसता एक सूर येतो, चाल कोण म्हणणार?

त्यांनी माझा हात दाबला. “तुम्ही सूर धरा. चाल मला पाठ आहे.”

अंत्यविधीला फादर होते, मी होते आणि चार म्हातारी माणसं, त्यांचे आवाज केव्हाच गेलेले. ‘हिची आठवण सदा राहो,’ हे तीनदा म्हणायचं असतं. फादरनी खूण केली, मी सूर धरला. वर कोणीच गात नव्हतं. तीन खेपा झाल्या. फादर पुढच्या प्रार्थनेकडे वळले, तरी मी थांबले नाही. बाईंची चाल अजून संपायची होती.