चार ते पाच, हेमा भेटणार नाही

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर हेमाचं नाव दिसलं आणि, आता खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गेली आठ वर्षं, मधला एक महिना सोडला तर, चार ते पाच या वेळात हेमा कोणाशीही बोलत नसे. तो तिचा गाण्यांचा तास. फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला असायचा आणि तो वाजून वाजून थकला तरी ती जागची उठायची नाही. मग आज त्याच वेळात तिने आपणहून मला फोन करावा म्हणजे... मी जिंकले, असंच वाटलं मला. हातातला कप खाली ठेवून मी म्हटलं, "काय गं, आज लवकर संपली वाटतं गाणी?" पलीकडे तिची सून होती, प्रणाली. "मावशी, आई गेल्या," ती म्हणाली. "आत्ताच. खुर्चीतच बसल्या होत्या." त्याला आता सहा आठवडे झाले. हेमाबद्दल लिहायला बसले की आधी तो माझा आनंदच आठवतो आणि स्वतःची लाज वाटते.

हेमा करावे गावातली, खाडीवर वाढलेली. मी सांगलीकडची, लग्न होऊन नेरूळला आलेली. एका सरकारी कार्यालयात आम्ही बत्तीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. लहानपणच्या दुखण्यामुळे तिला उजव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून मी माझं टेबल तिच्या डाव्या हाताला सरकवून घेतलं होतं आणि तिथे दुसऱ्या कोणाला मी कधी बसू दिलं नाही. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने न विचारता माझ्या डब्यातली पोळी उचलली आणि स्वतःचा डबा माझ्यासमोर उघडा ठेवला. मी बघतच राहिले. आमच्या घरची शिस्त अशी, की समोरच्याने वाढल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मी तिच्या 'घे'ची वाट बघत बसले, तिचा डबा रिकामा झाला आणि मी तशीच उठले. दोनचार दिवस हे असंच चाललं. मग तिच्या लक्षात आलं तेव्हा ती मोठ्याने हसली. "आमच्याकडं घे-घे कोन करत नाय गो. भूक हाय तर उचलायचं," म्हणाली. पुढे खास माझ्यासाठी ती डबा उघडला की "घ्या मॅडम, घ्या" म्हणायची, साऱ्या ऑफिससमोर, आणि मग कुठे माझा हात पुढे व्हायचा. तिची जवल्याची चटणी खायला मी अशी शिकले.

तिची आई धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती आल्याशिवाय मांडवात काही सुरू होत नाही. आई थकली तेव्हा हेमाने तिला समोर बसवून धवले कॅसेटवर भरून घेतले होते. आम्ही निवृत्त झालो त्या सुमारास त्या कॅसेट खरखरायला लागल्या, म्हणून दोघी वाशीला गेलो आणि एका दुकानात ते सगळं एका छोट्या कार्डावर उतरवून घेतलं. आता हे कार्ड घालायचं कशात, हा प्रश्न आला. मी माझा नवा स्मार्टफोन दाखवला. यात गाणी, फोटो, विजेचं बिल, बातम्या, सगळं एका जागी, तूही असाच घे, म्हणून मी तिच्या मागे लागले. हेमाची नजर मात्र काचेखालच्या एका काडेपेटीएवढ्या प्लेअरवर. त्याला चार बटणं, एक वायरवाला इअरफोन, बास. दुकानदारसुद्धा म्हणाला, "मॅडम, हे आता कोणी घेत नाही. फोनमध्ये सगळं येतं." हेमा म्हणाली, "तेच तर. सगला येतो. मना सगला नको." दुकानदार हसला. मला मात्र ते लागलं, कारण त्या सगळ्यात मीही होते.

तेव्हापासून चार ते पाच सुरू झालं. मी साडेतीनला तिच्याकडे जायचे, चहा व्हायचा, चारच्या ठोक्याला ती गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसायची. तिथून करावे गावातली कौलं दिसतात. इअरफोनचं डावं टोक ती कानात घालायची आणि उजवं, तिच्या उपयोगाचं नसलेलं, पदरावर लोंबत सोडायची. मग तिचे डोळे मिटायचे. मी समोर पेपर उघडून बसायचे आणि पेपराआडून तिचं तोंड बघायचे. बत्तीस वर्षांत माझ्याशी बोलताना तिचं तोंड असं कधी झालेलं मला आठवत नाही. काडेपेटीएवढ्या एका वस्तूचा हेवा वाटावा, हे माझ्या वयाला शोभत नव्हतं. पण वाटायचा, आणि भरपूर वाटायचा. त्या लोंबणाऱ्या टोकाकडे माझं सारखं लक्ष जायचं. एकदा तरी ती म्हणेल, घे गं मंदा, ऐक... ती म्हणाली नाही. मी पेपर घडी करून घरी यायचे.

मधे तिच्या मुलाने तिला स्मार्टफोन आणला. मी संधी साधली. आता दोन-दोन वस्तू कशाला, म्हणत तिच्या मागे भुणभुण लावली आणि धवले फोनमध्ये उतरवून घ्यायला लावले. महिनाभर ती फोनवर ऐकत होती आणि त्या महिन्यात मी रोज सव्वाचारला तिला फोन केला. कधी पालक किती वेळ शिजवू, कधी उद्या फिरायला किती वाजता, कधी काहीच नाही. माझा फोन गेला की तिचं गाणं आपोआप थांबायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. ती दर वेळी उचलायची. "बोल गो मंदा." आवाजात राग नाही, घाई नाही. मला वाटलं, जमलं. आणि एक दिवस फोन पुन्हा फ्रिजवर गेला, प्लेअर पुन्हा मांडीवर आला. "म्हणजे माझ्यापेक्षा ते डबडं मोठं?" मी विचारलं. "मोठा नाय गो," ती म्हणाली, "त्यो मधी बोलत नाय." मी त्यावर तीन महिने तिच्या घरी गेले नाही.

शेवटी मीच राग गिळून गेले, तर गॅलरीत दोन खुर्च्या. समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीच्या शैला राहायला आल्या होत्या. एकीच्या डाव्या कानात एक टोक, दुसरीच्या उजव्या कानात दुसरं, मधे ती वायर, आणि दोघींचे डोळे मिटलेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जे टोक इतकी वर्षं माझ्यासमोर लोंबत होतं, ते या कालच्या बाईला? बँकेत जायचंय असं सांगून मी दहा मिनिटांत उठले. पुढे सकाळी फिरताना मी हेमाला शैलाबाईंबद्दल काहीबाही सांगायचे. त्यांचं हसणं किती मोठं, आमटी किती गोड, दुसऱ्याच्या घरात किती वेळ बसतात. हेमा नुसतं "हां" म्हणायची. चार वाजता मात्र मी तिच्याकडे पुन्हा कधी गेले नाही. तीन वर्षं नाही. आता वाटतं, त्या तीन वर्षांतली एखादी तरी दुपार...

तेराव्याला प्रणालीने सासूच्या वस्तू वाटल्या. मला तिने हेमाची मोरपंखी साडी दिली. प्लेअर शैलाबाईंना दिला. "त्यांना तो लावता येतो ना, मावशी," ती बिचारी सहज म्हणाली. मी साडी घेऊन घरी आले, ती कपाटात टाकली आणि दार आपटून लावलं. हेमा गेली याचं दुःख होतंच, पण त्या दिवशी मी रडले ते जास्त करून रागाने.

गेल्या आठवड्यात मात्र राहवेना. मी शैलाबाईंची बेल वाजवली. भांडायलाच गेले होते म्हणा ना. त्यांनी पाणी दिलं, आणि मी ग्लास हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "हेमाने तुम्हाला ते ऐकायला कधी दिलं? पहिल्यांदा?"

"दिलं कुठे?" त्या म्हणाल्या. "पदरावर लोंबत होतं. मी उचललं नि कानाला लावलं. हेमाताई डोळे उघडून हसल्या. म्हणाल्या, आमची मंदा असती तं मी 'घ्या मॅडम' म्हनेपरत बसून रायली असती."

मी ग्लास हातात घेतला. शैलाबाई आपल्या नादात सांगत होत्या, की हेमाच्या आईचा दंडक होता, धवला एकदा लागला का मधे तोडायचा नाही. वरात अडकली तरी पुरा करायचा, आणि तुटलाच तर पहिल्यापासून म्हणायचा. "फोनवर ऐकत होत्या तेव्हा रोज मधेच कोणाचा तरी फोन यायचा म्हणे. मग परत पहिल्यापासून. पाचाचे सहा वाजायचे, सून स्वयंपाकाला खोळंबायची. कोण ते काही त्यांनी सांगितलं नाही." मी पाणी पिऊन टाकलं.

चार वाजले. शैलाबाईंनी कपाटातून प्लेअर काढला, खुर्चीत बसल्या आणि सवयीने उजवं टोक उजव्या कानात घातलं. डावं त्यांच्या ओढणीवर लोंबत राहिलं. त्यावरचं रबर हेमाच्या कानाने एका बाजूला झिजून गेलं होतं. शैलाबाईंनी डोळे मिटले. 'घ्या' म्हणाल्या नाहीत. मी हात पुढे केला, ते टोक उचललं आणि कानात घातलं. यांच्या वाट्याला नुसतं उजवं आलं, हेमाचं मला मिळालं, हा विचार त्या क्षणीही माझ्या मनात आलाच. मग खरखर ऐकू आली, त्यात तरुण हेमाचा आवाज, "आये, कर सुरू," आणि पाठोपाठ म्हातारीचा धवला. चारपाच ओळी झाल्या असतील, पर्समध्ये माझा फोन वाजायला लागला. मी घाईघाईने तो बंद केला. शैलाबाईंनी बटण दाबून धवला पुन्हा पहिल्यापासून लावला.