अंगठ्याची परवा

समस्त हैदराबादकर मराठी मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझ्या डाव्या पायाचा अंगठा धोक्यात आला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "ऑस्टिओमायलायटिस." म्हणजे जंतू हाडात शिरलेत. "सहा आठवडे अँटिबायोटिक. दाद दिली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

सुरुवात अफझलगंजला झाली. मी स्कूटर स्टँडला लावली ती थेट अंगठ्यावर. नख फाटलं. हळद दाबली आणि विसरलो. पुढे अंगठा वांग्यासारखा झाला, ताप येऊ लागला, तेव्हा नारायणगुड्याच्या दवाखान्यात गेलो. पुण्याहून नवे आलेले तरुण डॉक्टर. "कधी लागलं, काका?"

"परवा."

त्यांनी लिहिलं, दोन दिवस. गोळ्या दिल्या. एक्स-रे नाही, कारण हाडातला बिघाड इतक्यात दिसत नाही म्हणे.

आता आमची भाषा. दखनीत 'परसों' म्हणजे गेल्या शुक्रवारपासून थेट निजामापर्यंत काहीही. आमच्या मराठी 'परवा'लाही तीच हवा लागलेली. लागून तीन आठवडे झाले होते!

पाच दिवस ठणका सोसला. बायकोला घेऊन परत गेलो. दोन तास बाकावर. समोर नवीन केबल टीव्हीवर आपल्या संघाला तोच सामना दुसऱ्यांदा हरताना पाहिलं. डॉक्टरांचा पेजर वाजला की रांग थांबायची. शेवटी आत गेल्यावर बायकोने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"दोन दिवस? अहो, त्या दिवशी माझी बहीण आली होती. ती राहून, भांडून, परत गेलीसुद्धा!"

मग तो एक्स-रे. मी भडकलो, "जंतू हाडात शिरेपर्यंत माझं शरीर झोपलं होतं का?"

"नाही, काका. पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे ओळख पटवणाऱ्या खाचा. जंतूच्या कवचात असे पदार्थ असतात, जे माणसाचं शरीर बनवतच नाही. ते खाचेत बसले की पेशीला कळतं, हा आपला नव्हे. आधी गाठ पडलेली नसली तरी कळतं. मग ती इतरांना बोलावते. सूज, ताप, ठणका, सगळी त्यांचीच आरडाओरड. त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. मला मात्र तुम्ही परवा सांगितलंत."

शाळा न शिकलेल्या पेशींना जमलं ते मला जमलं नाही. आणि मी शाळेत इतिहास शिकवतो. सनावळ्या चुकल्या की मुलांना उभं करतो!

सहा आठवडे सुया, ड्रेसिंग, चिडचिड. अंगठा वाचला. त्या पेशींचा, डॉक्टरांचा आणि, नाइलाजाने, मेव्हणीचाही मी ऋणी आहे. तुम्हाला कधी लागलं तर दवाखान्यात तारीख सांगा.

निघताना डॉक्टर हसून म्हणाले, "परवा एकदा दाखवून जा."

बायको जवळजवळ किंचाळलीच, "परवा नको, डॉक्टर! तारीख घाला, नाहीतर हे पुढच्या वर्षी येतील!"